चार नंबरचा बोल्ट

"वर माणूस मरतोय, उस्ताद, आणि आपण इथं बोल्ट आवळत बसायचं?"

उस्तादांनी मान वर केली नाही.

"व्हय. बसायचं."

नायक प्रणीत देवकातेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एरवी उणे पंचविसाच्या थंडीत अंगात एवढी ऊब आली असती तर त्यानं देवाचे आभार मानले असते. आज त्याला कुणाचेच आभार मानायचे नव्हते.

साडेपंधरा हजार फुटांवरचा तो तळ. चहूकडे बर्फ, बर्फावर फायबरच्या पाचसहा झोपड्या आणि त्यांतल्या शेवटच्या झोपडीत वर्कशॉप. वर्कशॉप म्हणजे एक टेबल, एक रॉकेलची शेगडी, भिंतीला ओळीनं टांगलेले पाने आणि तीन स्नो स्कूटर. पुढे दोन स्की, मागे रुंद रबरी पट्टा. बर्फावर पळणारी फटफटीच म्हणा. फौजेत नंबर दिल्याशिवाय कुणाला चैन पडत नाही, म्हणून त्यांची नावं एक, दोन आणि चार. तीन नंबर सुटे भाग होऊन कधीच या तिघींच्या पोटात गेली होती.

सकाळी नऊ वाजता वरच्या चौकीतून वायरलेसवर निरोप आला. शिपाई भैरू चौगुले रात्रभर खोकत होता. आता त्याच्या तोंडाला गुलाबी फेस येत होता.

त्याच्या फुप्फुसात पाणी झालं होतं. त्यावर खरं औषध एकच, माणसाला लवकरात लवकर खाली आणायचं. ढगांमुळे हेलिकॉप्टर येणार नव्हतं. दुपारी दोननंतर वारा सुटला की वाटही बंद होणार होती. जायला सव्वा तास, भैरूला घसरगाडीवर बांधायला अर्धा तास, यायला दोन तास.

हा हिशोब प्रणीतनं चारदा केला होता. उस्तादांनी एकदाही केला नसावा असं त्याला वाटत होतं.

आणि भैरू त्याला परका नव्हता. संक्रांतीला प्रणीतनंच त्याला वर सोडलं होतं. उतरताना भैरूनं आईकडून आलेल्या तिळाच्या वड्या त्याच्या खिशात कोंबल्या होत्या आणि "वाटेत खा, मेल्या" म्हणून शिवी दिली होती.

"उस्ताद..."

"पाना घे."

सुभेदार रंगनाथ खरमाटे हे माणदेशातले. नोकरीची सत्तावीस वर्षं झालेली, चार महिने उरलेले. फौजेत शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात. बहुतेकांना ते हुद्द्यामुळे म्हणतात, खरमाट्यांना मात्र मेजर साहेबसुद्धा मनापासून म्हणत. बोलणं तारेचे पैसे वाचवावेत तसं. त्यांचा नियम एकच. गाडी बाहेर पडायच्या आधी क्लचच्या आठही बोल्टांना पाना लागलाच पाहिजे. इंजिनाच्या दांड्यावर बसलेल्या पुढच्या क्लचचा लांब मधला बोल्ट, त्याच्या झाकणाचे सहा आणि मागच्या क्लचचा एक. काल आवळले असतील तरी आज, आणि आज आवळले तरी उद्या.

प्रणीत बारामतीकडचा. आयटीआय करून भरती झालेला, कोर्सला पहिला आलेला. तो हुशार होता यात शंका नाही. अडचण एवढीच, की शंका त्यालाही नव्हती.

इथं येऊन अडीच महिने होतात न होतात तोच त्यानं उस्तादांच्या नियमावर उपाय शोधला होता. बोल्ट आवळून झाला की त्याच्या डोक्यावरून शेजारच्या लोखंडावर पिवळ्या रंगाची बारीक रेघ ओढायची. बोल्ट फिरला तर रेघ तुटणार. रेघ अखंड असेल तर पाना लावायचं कारण नाही. नुसतं बघायचं, दहा सेकंदांत काम खलास.

"रेघा बघितल्यात मी," तो म्हणाला. "केसभरही हललेली नाहीत."

"पाना लाव."

"रेघ जागेवर आहे म्हणजे बोल्ट जागेवर आहे, उस्ताद."

"हाय की. मी कुटं न्हाई म्हनतो? पाना लाव."

प्रणीत दोन नंबरपाशी गुडघ्यावर बसला. झाकण आपटलंच त्यानं जरा. ठरलेला जोर आला की टिक करणारा तो लांब दांड्याचा पाना त्यानं मधल्या बोल्टवर चढवला. आता टिक होईल आणि मग उस्ताद काय म्हणतात ते बघू, असं मनाशी म्हणत त्यानं दांडा ओढला.

टिक झालं नाही.

पाना बोटभर पुढे सरकला... आणि मग टिक झालं.

पिवळी रेघ तुटली होती. ती आत्ता, त्याच्या हातून तुटली होती. क्षणापूर्वी ती अखंड होती.

"बोल्ट फिरला नव्हता, उस्ताद. शप्पथ."

"न्हवताच फिरला."

"मग?"

"चार दिस गाडी पळाली. क्लच दांड्यावर अजून आत बसला. बोल्ट हुता तिथंच हाय. ज्याला धरून हुता, ते सरकलं."

कोर्सच्या पुस्तकात हे होतं, आणि त्यानं ते वाचलंही होतं. परीक्षेत त्यावर दोन मार्कांचा प्रश्न आला होता आणि त्याचे दोन्ही मार्क त्याला मिळाले होते.

मग तो मुकाट्यानं कामाला लागला. दोन नंबरचे उरलेले सात झाले. एक नंबरचे आठ झाले. एक नंबर आज जाणार नव्हती, तरी तिचेही केले. गेलेल्या दोन्ही परत आल्या नाहीत तर तिलाच शोधायला निघावं लागलं असतं. तोवर उस्तादांनी पेट्रोल भरलं, घसरगाडीवर स्लीपिंग बॅग अंथरली, ऑक्सिजनची नळकांडी दोरीनं बांधली. दोरीची गाठ त्यांनी दोनदा सोडून पुन्हा मारली. घाईत असलेल्या प्रणीतनं ते पाहिलं आणि पाहून विसरला.

"झालं, उस्ताद."

"समद्या?"

"सगळ्या."

"चार नंबर?"

घसरगाडी ओढणार होती ती चार नंबर. तिचं इंजिन तिघींत दांडगं. चढावर ओझं ओढायला तीच लागे.

"चार नंबर तुम्ही स्वतः आवळलीय," प्रणीत म्हणाला. "काल संध्याकाळी. क्लच काढून त्यावरचा पट्टा बदललात, परत बसवलात. मी बघितलंय."

"मग?"

"मग... तुमच्या हातच्या बोल्टला मी पाना लावायचा? बरं दिसतं का ते?"

हे तो टाळाटाळ म्हणून बोलला नव्हता, अगदी मनापासून बोलला होता. रोज सकाळी वर्कशॉपात शिरताना तो आधी उस्तादांच्या पायाला हात लावी, मग हत्यारांना. वाद घालायचा तो स्वतःच्या कामाबद्दल. उस्तादांचं काम तपासायचं हे त्याच्या डोक्यातच कधी आलं नव्हतं. वडिलांनी लावलेली दाराची कडी पोरगा पुन्हा ओढून बघत नाही, तसंच ते. चार नंबरवर त्यानं साधी पिवळी रेघसुद्धा कधी ओढली नव्हती.

उस्तादांनी भिंतीवरचा पाना काढला आणि त्याच्यापुढे धरला.

"राहू द्या, उस्ताद. उशीर होतोय."

"व्हतोय खरा. धर."

प्रणीतनं हात पुढे केला नाही.

उस्तादही तसेच उभे राहिले. शेगडी फुरफुरत होती. बाहेर कुणीतरी वायरलेसवर तेच तेच विचारत होतं, निघाल्या का, गाड्या निघाल्या का...

शेवटी प्रणीतनं पाना घेतला. चार नंबरचं झाकण उघडताना त्याला ओशाळल्यासारखं झालं. लवकर टिक होऊ दे आणि सुटू दे यातून, असं म्हणत त्यानं दांडा ओढला.

पाना फिरला.

फिरतच गेला. बोटभर, मग चार बोटं. अर्धा फेरा झाला तरी टिक नाही. प्रणीतनं पाना काढून पुन्हा चढवला, पुन्हा ओढला.

...टिक.

तो तसाच गुडघ्यावर बसून राहिला.

वरच्या चौकीखाली लाल झेंड्यांचा चढ आहे. झेंडे वाट दाखवायला लावलेत, कारण दोन्ही बाजूंना बर्फाखाली भेगा आहेत आणि त्या दिसत नाहीत. भैरूला घेऊन तो चढ उतरताना मधला बोल्ट सुटला असता, क्लच दांड्यावरून निसटला असता, तर गाडीला धरून ठेवणारा जोर तिथंच संपला असता. मागे घसरगाडी असती, आणि घसरगाडीवर बांधलेला, श्वास न पुरणारा भैरू. प्रणीतला हे सगळं एकदम दिसलं आणि त्याला भीती वाटली.

मग त्याला एक गोष्ट सुचली आणि त्याचा जीव भांड्यात पडला.

"तुम्ही मुद्दाम सैल ठेवला होता ना, उस्ताद? मी बघतो की नाही ते बघायला?"

किती आशेनं विचारलं त्यानं! गुरूनं परीक्षा घेतली, चेला नापास झाला, गुरूनं वाचवलं. असं असतं तर सगळं जागच्या जागी राहिलं असतं.

उस्ताद शेगडीकडे वळले.

"मुद्दाम ठिवला असता, तर लई बरं झालं असतं, लेका."

त्यांनी उजव्या हाताचा जाड मोजा काढला, मग आतला पातळ मोजा. मधल्या तीन बोटांची टोकं काळपट पडली होती, जुन्या चामड्यासारखी. उस्तादांनी ती बोटं शेगडीच्या पत्र्यावर टेकवली आणि तिथंच ठेवली. प्रणीतनं धावत जाऊन त्यांचा हात मागे ओढला.

"बगितलंस? लागत न्हाई," उस्ताद म्हणाले. "टिक हाताला कळती. वाऱ्यात कानाचा काय उपेग? काल भायेर वारा हुता. मला वाटलं, झाली टिक."

"कधीपासून?"

"दिवाळीपास्नं."

"मग सांगितलं का नाही?"

उस्तादांनी मोजा चढवायला घेतला. बोटं नीट जाईनात. प्रणीतनं हात पुढे केला, तेव्हा त्यांनी तो झटकला नाही.

"सांगितलं की खाली धाडत्यात," ते म्हणाले. "चार म्हैनं ऱ्हायलेत. हितनंच घरी जावं, असं वाटत हुतं... मग तू आलास. हुशार पोरगं. म्हनलं, ह्यो समद्या गाड्या बगतोय, माजीबी बगंल. मग सांगायची येळच येनार न्हाई. रोज वाट बगितली."

"आणि मी..."

"तू पाया पडत ऱ्हायलास."

लाज दोघांनाही वाटली, आणि दोघांनीही ती लपवली नाही. इतक्या वर्षांच्या उस्तादाच्या अंगात ताठा असू शकतो, हे प्रणीतला त्या दिवशी कळलं. त्यामुळे त्याचं उस्तादांवरचं प्रेम तसूभर कमी झालं नाही. उलट छातीत काहीतरी भरून आलं. पण भरून यायला वेळ नव्हता. चार नंबरचे उरलेले सात बोल्ट बाकी होते.

झाकणाच्या सहांतले दोन सैल निघाले. मागचा पक्का होता.

"आता चार नंबर मी घेतो," प्रणीत म्हणाला. त्यानं विचारलं नव्हतं, सांगितलं होतं.

"घे. मी फुडं व्हतो. वाट मला ठावं हाय."

"हाताचं काय?"

"गाडीची रेस आंगठ्यानं दाबायची असती. आंगठा शाबूत हाय."

पावणेदहाला ते निघाले.

चढ चढताना प्रणीत एकच आवाज ऐकत होता, आपल्या गुडघ्याजवळच्या क्लचचा. पुढे उस्ताद झेंड्यांमधून असे चालले होते की बर्फाखाली काय आहे ते त्यांना दिसतंय असं वाटावं. वळणावर ते थांबत, मागे बघत, हात करत आणि निघत.

चौकीवर पोचल्या पोचल्या त्यांनी भैरूला ऑक्सिजन लावला. त्याचे ओठ जांभळे पडले होते. प्रणीतला बघून त्यानं काहीतरी म्हणायचा प्रयत्न केला, पण खोकल्यानं ते बोलू दिलं नाही. चौघांनी मिळून त्याला घसरगाडीवर निजवलं. डोकं उशाला उंच करून पट्टे आवळायला घेतले.

पट्टे आवळले जात असताना प्रणीतनं सीटखालून पाना काढला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. चार नंबरचा मधला बोल्ट, तासदीड तासापूर्वी त्यानं स्वतः टिक करून पक्का केलेला... नखभर फिरला. टिक.

या वेळी त्याला राग आला नाही. तो उठला आणि दोन नंबरपाशी गेला. उस्ताद तिच्यावरच बसले होते. त्यांनी पाय बाजूला घेऊन त्याला जागा करून दिली.

उतार मोठा अवघड गेला. प्रणीत पाचपाच मिनिटांनी थांबत होता.

"भैरू! हायस का?"

"हाय..." मागून यायचं.

एकदा आलंच नाही. प्रणीत उडी मारून मागे धावला. भैरूचे डोळे उघडे होते.

"आरं, हाय म्हनायला बी दम लागतो," भैरू पुटपुटला. "चल तू."

लाल झेंड्यांच्या चढावर, आता तो उतार झाला होता, घसरगाडीचं सगळं वजन गाडीवर आलं. क्लच घुरघुरला, धरून राहिला. शेवटचा झेंडा मागे पडला.

दीड वाजता ते तळावर पोचले. डॉक्टर साहेब बाहेरच उभे होते. भैरूला आत नेलं. तासाभरानं डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, वाचेल. अजून दोन तास वर राहिला असता, किंवा वाटेत अडकला असता तर... तेवढ्यात वारा सुटला.

आता वही राहिली होती.

वर्कशॉपात प्रत्येक गाडीचं पान असतं. तारीख, काय तपासलं, काय आढळलं, सही. मेजर साहेब दर शनिवारी ती वही ओळ न ओळ वाचत. प्रणीतनं एक नंबरचं लिहिलं. दोन नंबरचं लिहिलं. "मधला बोल्ट किंचित सैल, आवळला." यात त्याची स्वतःची चूक होती, ती लिहिताना हात अडखळला नाही.

चार नंबरच्या पानावर पेन थांबलं.

आधीच्या ओळीत कालची तारीख होती. "क्लचचा पट्टा बदलला. क्लचचे सर्व बोल्ट आवळले." खाली सही, र. खरमाटे.

आता त्याच्याखाली काय लिहायचं? अर्धा फेरा सैल? मेजर साहेब वाचतील, बोलावतील, हात दाखवा म्हणतील. पुढच्या हेलिकॉप्टरनं उस्ताद खाली. सत्तावीस वर्षांचा शेवट दवाखान्याच्या खाटेवर, कुणी निरोपाचा चहासुद्धा न पाजता. आणि "ठीक" लिहिलं तर? बोल्ट आत्ता ठीकच होता. त्यानं स्वतः दोनदा टिक ऐकली होती. सकाळचं त्या दोघांशिवाय कुणाला ठाऊक होतं? यापुढे तो रोज चार नंबर तपासणार होता, उस्तादांच्या आधी आणि उस्तादांच्या नंतर. चार महिने काय, चार वर्षंसुद्धा त्यानं तपासली असती.

उस्ताद शेगडीपाशी बसले होते. चहाचा मग त्यांनी दोन्ही तळव्यांत धरला होता.

"उस्ताद."

"हं."

"चार नंबरपुढं काय लिहू?"

उस्तादांनी एक घोट घेतला.

"'ठीक' लिहितो. आत्ता ठीकच आहे ना ती..." प्रणीतनं पेन पानावर टेकवलं. "तुम्ही फक्त हो म्हणा."

उस्तादांनी मग खाली ठेवला. बाहेर, बर्फाच्या भुरक्यापलीकडे, डॉक्टरांच्या झोपडीत दिवा लागला होता. त्या दिव्याकडे ते बराच वेळ बघत राहिले.

"मला कशापायी इचारतोस?" ते म्हणाले. "भैरू आत हाय. जा, त्याला इचारून ये."